मोटारीच्या रंगाचें रक्षण

उसाचें गाळप सुरू झालें म्हणजे आमच्या कबनूर गांवांत पहाटेच्या दंवाबरोबर आणखीहि एक वस्तु आकाशांतून उतरते. तुळशीच्या पानांवर, ओट्यावर, दोरीवर राहून गेलेल्या धोतरावर काळे, हलके, बारीक तंतु पडलेले दिसतात. बोटांत धरून चोळले कीं त्यांची पूड होते. ही उसाच्या चिपाडाची राख. कोल्हापूर जिल्ह्यांत साखर कारखाने पुष्कळ. रस काढून उरलेलें चिपाडच त्यांच्या भट्ट्यांत जळण म्हणून वापरतात, आणि वारा ज्या गांवाकडे वळेल त्या गांवाला त्या राखेचा वांटा मिळतो. धोतर पुन्हां धुतां येतें. पण दारांत उभ्या असलेल्या मोटारीवर ही राख पडली म्हणजे काय करावें, हा प्रश्न कांहीं वर्षांपूर्वीं माझ्यापुढें आला, आणि त्याचें मीं काढलेलें उत्तर साफ चुकलें. त्या चुकीपासून जें शिकलों तेंच आज आपणांस सांगणार आहें.

सेवानिवृत्तीनंतर मुलांच्या आग्रहास्तव मीं गडद निळ्या रंगाची एक जुनी मोटार घेतली. आमचें गांव इचलकरंजीला लागून असल्यामुळें येथें यंत्रमाग पुष्कळ, आणि मागावरचा सुताचा टाकाऊ गुंता, ज्याला सर्व लोक 'वेस्ट' म्हणतात, तो मागाल तेवढा मिळतो. त्या वेस्टचा बोळा घेऊन मी रोज सकाळीं गाडी कोरडीच पुशीत असें. शाळेंत फळा पुसावा तितक्या निष्ठेनें हें काम चाललें होतें. फाल्गुनांत एके दिवशीं गाडी भर उन्हांत उभी असतां सहज तिच्या बॉनेटकडे पाहिलें, तों सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळिष्टकासारखीं बारीक रेषांचीं वर्तुळें दिसलीं. जवळच्या गॅरेजांतील रंगाऱ्यास तीं दाखविलीं. तो हसून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही गाडी पुसली न्हाई, घासलीसा."

त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. ऊस हा गवताच्या कुळांतला. जमिनींतील सिलिका तो मुळांवाटे शोषून घेतो आणि आपल्या अंगांत सांठवितो. चिपाड जळलें तरी सिलिका जळत नाहीं. राखेंत तिचाच अंश मोठा असतो. वाळूचे कण ज्या द्रव्याचे बनलेले असतात तेंच हें द्रव्य, आणि मोटारीच्या रंगाहून तें कितीतरी कठीण. कोरड्या बोळ्यानें तें पत्र्यावरून फिरविणें म्हणजे सुतारानें लांकडावर कांचकागद फिरविण्याचाच प्रकार.

आतां हा रंग म्हणजे काय तें पाहूं. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर एक नव्हे, बहुधा चार थर असतात. उघडा पत्रा फॉस्फेटच्या द्रावणांतून काढून प्रथम विजेच्या प्रवाहाच्या साहाय्यानें पहिल्या अस्तरांत बुडवितात. हें अस्तर गंजाला अडवितें. त्यावर दुसरें अस्तर, म्हणजे प्रायमर, पृष्ठभाग सारखा करण्यासाठीं. तिसरा थर प्रत्यक्ष रंगाचा. आणि सर्वांच्या वर चौथा, पारदर्शक रोगणाचा, ज्याला कारागीर 'क्लिअर कोट' म्हणतात. चकाकी देणें आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वांचविणें, हीं दोन्ही कामें या चौथ्या थराचीं. चारी थर मिळून जाडी सुमारें १०० ते १३० मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांतील पारदर्शक थर सुमारें ४० ते ५० मायक्रॉनांचा, म्हणजे डोक्याच्या केंसाहूनहि बहुधा बारीकच. मोटारीचें सारें तेज या एवढ्याशा पापुद्र्यावर अवलंबून आहे, आणि तो एकदां झिजला कीं घरच्या कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं.

पूर्वीं असें नव्हतें. अगदीं आरंभीच्या मोटारींना घोडागाडीप्रमाणेंच तेलाचें रोगण लावीत, आणि तें वाळावयास आठवडेच्या आठवडे लागत. १९२३ च्या सुमारास अमेरिकेंत ड्यूपाँ कंपनीचें 'ड्यूको' नांवाचें, नायट्रोसेल्युलोजपासून केलेलें जलद वाळणारें रोगण मोटारींवर आलें. आपल्याकडील रंगारी अजूनहि 'ड्यूको' हा शब्द वापरतात तो तेथला. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यांत छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक मोटार आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. त्या जमान्यांतील मोटारींच्या रंगावर निराळा पारदर्शक थर नसे. रंग तोच आणि चकाकीहि त्याचीच, आणि त्याची निगा म्हणजे वरचेवर मेण चोळणें.

मग आजच्या या पारदर्शक थराचें रक्षण कसें करावें? आमच्या भागांतील माणसाला याचें उत्तर मागावरच सांपडण्यासारखें आहे. इचलकरंजींत विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं पहिला यंत्रमाग सुरू केला. तेव्हांपासून तेथील मागवाले एक गोष्ट पक्की जाणतात, कीं ताण्याचें सूत जसेंच्या तसें मागावर चढविलें तर घर्षणानें तुटतें. म्हणून त्याला आधीं खळ देतात. खळीचा पातळ लेप धाग्यावर बसतो, घर्षण तो सोसतो आणि सूत वांचतें. कापड विणून झालें म्हणजे खळ धुऊन काढतात. तिचें काम संपलेलें असतें. मोटारीच्या रंगावर जें सीलंट लावतात तें अशाच जातीची खळ होय. आपण झिजावें आणि खालच्या थराला झिजूं देऊं नये, एवढेंच त्याचें काम. आणि खळ फार जाड झाली तर ज्याप्रमाणें सूत कडक होऊन मोडतें, त्याप्रमाणें सीलंटहि जाड थापल्यानें बिघडतें. तें पुढें येईलच.

अशा लेपांच्या तीन जाती बाजारांत मिळतात. पहिली मेणाची. ब्राझील देशांतील कार्नौबा नांवाच्या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून हें मेण काढतात. तें सुमारें ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतें, नैसर्गिक मेणांत कठीण म्हणून गणलें जातें, आणि चकाकी मोठी सुरेख देतें. परंतु आपल्या उन्हापावसांत दीड-दोन महिन्यांपलीकडे क्वचित् टिकतें. दुसरी जात सीलंटची. यांत मेणाऐवजीं कृत्रिम बहुवारिकें, विशेषतः सिलिकोनें, असतात. सिलिकोन हें नांव इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथील रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं रूढ केलें. आपल्या प्रयोगांत तयार होणाऱ्या या चिकट द्रव्यांचा व्यवहारांत मोठा उपयोग होईल असें त्यांना वाटलें नव्हतें. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत त्यांचें कारखान्यांतून उत्पादन सुरू झालें. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणु एकाआड एक गुंफलेली अशी ही सांखळी असते. लेपांतील द्रावक उडून गेला कीं या सांखळ्या रंगाला आणि एकमेकींना धरून बसतात. चांगलें सीलंट चार ते सहा महिने टिकतें. तिसरी जात सिरॅमिक लेपाची. तो कठीण, कांचेसारखा असून वर्ष-दोन वर्षें व त्याहूनहि अधिक टिकतो. पण किंमत भारी, आणि लावतांना चूक झाली तर वाळलेला डाग घासूनच काढावा लागतो. घरीं प्रथमच या कामांत हात घालणाराला सीलंटच बरें.

सीलंटनें काय होत नाहीं तेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. जुने खोल ओरखडे त्यानें जात नाहींत. पत्र्याला लागलेला गंज थांबत नाहीं. दगड उडून लागला तर खपली निघावयाची ती निघतेच. राखेवरून कोरडा बोळा फिरविला तर सीलंट लावलेल्या गाडीवरहि रेषा उठतात. त्यानें साधतें तें इतकेंच, कीं घाण रंगाला घट्ट धरीत नाहीं, थोड्या पाण्यानें सुटते, आणि पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, पाण्यांतील क्षार यांची पहिली झळ लेपाच्या अंगावर जाते. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाहीं हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. त्या पानावर मेणाचें अतिसूक्ष्म आवरण असतें. पाण्याच्या कणांना त्याचें आकर्षण वाटत नाहीं, ते एकमेकांनाच धरून गोल थेंब करतात आणि घरंगळून जातात. लेप चढविलेल्या रंगावरहि थोड्या प्रमाणांत तेंच घडतें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. वर्षांतून दोन वेळां हें काम करावें. एक मृगाच्या पावसाआधीं, वैशाखांत. आणि दुसरें पाऊस उघडल्यावर, खंडेनवमीच्या आधीं. खंडेनवमी-दसऱ्याला आपण वाहनांची पूजा करतों. त्या वेळीं लावलेलें हळद-कुंकू आणि गंध, झेंडूच्या माळा आणि नारळाचें पाणी हीं रंगावर तशींच राहिलीं तर डाग पडतात. लेप आधीं चढलेला असला आणि दुसऱ्या दिवशीं गाडी पाण्यानें धुतली म्हणजे बहुतेक सारें सहज निघतें. शिवाय लगेच राखेचा हंगाम असतो, तो वेगळाच. काम सकाळीं लवकर आणि सावलींत करावें. पत्र्याला हाताची मागची बाजू लावून पाहावी. पत्रा गार लागला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर सीलंट लावतां लावतांच सुकतें आणि त्याचे पट्टे उठतात.

पहिली पायरी धुण्याची, आणि खरें काम तेथेंच आहे. आधीं फडकें लावूंच नये. छतापासून खालीं भरपूर पाणी ओतून सुटी राख आणि धूळ वाहून जाऊं द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्या. एकींत मोटारीसाठीं मिळणारा सौम्य शाम्पू घातलेलें पाणी, दुसरींत नुसतें स्वच्छ पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूंत बुडवून एक भाग धुवावा, मग तो दुसऱ्या बादलींत खळबळून त्यांतली माती काढावी आणि नंतरच पुन्हां शाम्पूंत घालावा. वरून खालीं यावें, हात सरळ रेषेंत फिरवावा, गोल फिरवूं नये. चाकांसाठीं निराळें फडकें ठेवावें. ब्रेकचा लोखंडी कीस त्यांवर बसलेला असतो. कपडे धुण्याचा सोडा वापरूं नये. भांड्यांच्या साबणानें पूर्वीचा लेप उतरतो, म्हणून लेप चढविल्यानंतर तोहि वर्ज्य.

सुताच्या गांवांत राहून कृत्रिम धाग्याच्या फडक्याची शिफारस करणें मला थोडें अवघड वाटतें, पण कारण ऐकावें. मायक्रोफायबर हें पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांच्या चिरलेल्या, अत्यंत बारीक तंतूंचें असतें. त्या तंतूंच्या फटींत मातीचा कण वर उचलला जातो. मागावरच्या वेस्टमध्यें खळ असते, गांठी असतात, जमिनीवरची कचहि असते; ती सारी रंगावर घासली जाते. यंत्राचें तेल पुसावयास वेस्ट उत्तम, मोटारीच्या रंगाला नव्हे.

पाण्याविषयीं दोन शब्द येथेंच सांगतों. नळी मिनिटाला दहा लिटर पाणी सोडीत असेल तर वीस मिनिटांत दोनशें लिटर जातें. वरील रीतीनें चार-पांच बादल्यांत, म्हणजे साठ-सत्तर लिटरांत, गाडी निघते. २०१२ सालीं इचलकरंजींत दूषित पाण्यामुळें काविळीची साथ येऊन माणसें दगावलीं. पाण्याची किंमत या भागाला निराळी सांगावयास नको. गाडी ओढ्याच्या किंवा पंचगंगेच्या कांठीं नेऊन धुणें हें तर सर्वस्वीं अयोग्य. शाम्पू, वंगण आणि ब्रेकचा कीस हीं सारीं तेथून सरळ नदींत जातात. दुसरें असें, कीं विंधणविहिरीचें पाणी बहुधा जड असतें. तें रंगावर आपोआप वाळूं दिलें तर चुन्याचे पांढरे गोल डाग राहतात. म्हणून धुऊन होतांच मऊ, कोरड्या मायक्रोफायबर पंचानें पाणी टिपून घ्यावें.

दुसरी पायरी परीक्षेची. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून बोटें पत्र्यावरून हलकेच फिरवावीं. प्लॅस्टिकमुळें बारीकसा खडबडीतपणाहि जाणवतो. पृष्ठभाग कांचेसारखा लागला तर उत्तम. खरखरीत लागला तर लोखंडाचे आणि डांबराचे सूक्ष्म कण त्यांत रुतले आहेत असें समजावें. त्यांच्यासाठीं मोटारीचीच म्हणून निराळी कृत्रिम चिकणमाती मिळते, कुंभाराची नव्हे. पत्रा शाम्पूच्या पाण्यानें ओला ठेवून तिची वडी जोर न लावतां मागेंपुढें फिरवावी, आणि मळ दिसतांच ती मळून नवी बाजू वर आणावी. वडी जमिनीवर पडली तर ती टाकून द्यावी. काटकसरीच्या संवयीनें मीं एकदां पडलेली वडी उचलून वापरली, आणि मागच्या दारावर हातभर लांब ओरखडा ओढला.

ओरखडे असल्यास सीलंटपूर्वीं पॉलिश करतात. येथें मात्र सावध राहावें. पॉलिश ओरखडा भरून काढीत नाहीं. त्याच्या आजूबाजूचा पारदर्शक थर घासून खालीं आणतें, म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. म्हणजे प्रत्येक पॉलिशला त्या ४०-५० मायक्रॉनांतील कांहीं भाग कायमचा जातो. माझ्या गाडीचीं वर्तुळें घालविण्यासाठीं रंगाऱ्यानें एकदांच बारीक पॉलिश केलें, आणि राहिलेल्या खोल रेषांवर हात ठेवून म्हणाला, आतां या अशाच राहूं द्या. तो सल्ला मीं मानला.

तिसरी पायरी: शुद्ध पाण्यांत पांचव्या हिश्श्याएवढें आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून त्या ओल्या फडक्यानें पत्रा पुसावा, म्हणजे तेलकटपणा जाऊन लेप रंगाला धरतो. हें द्रव्य पेट घेणारें आहे, म्हणून जवळ शेगडी किंवा विडी-काडी नसावी.

आतां सीलंट. बाटली हलवून घ्यावी. फोमच्या लहान गादीवर रुपयाच्या नाण्याएवढें सीलंट घेऊन एका वेळीं एकच भाग करावा: अर्धें बॉनेट, एक दार, असें. प्रथम आडवा आणि मग उभा हात फिरवावा, म्हणजे जागा सुटत नाहीं. थर इतका पातळ असावा, कीं लावलें आहे कीं नाहीं अशी शंका यावी. सबंध मोटारीला ३० मिलिलिटरांहून अधिक बहुधा लागत नाहीं. अधिक लावल्यानें अधिक टिकत नाहीं. रंगाला धरून बसतो तो पहिला पातळ थरच. वरचा ढीग नुसता पुसून काढावा लागतो आणि फडक्याला घासत राहतो. बाटलीवर सांगितलेला वेळ गेला, पुष्कळदां तो पंधरा ते तीस मिनिटांचा असतो, कीं पत्र्यावर धुक्यासारखी पांढुरकी छटा येते. बोट फिरविल्यावर खालून स्वच्छ चकाकी दिसली म्हणजे तयार झालें. मग मायक्रोफायबरच्या फडक्याची चौघडी करून हलक्या हातानें पुसावें, आणि वरचेवर घडी बदलावी. त्यानंतर बारा ते चोवीस तास गाडीला पाणी लागूं देऊं नये. सांखळ्या जुळण्यास तेवढा अवधि लागतो. दुसरा हात द्यावयाचा असल्यास तो दुसऱ्या दिवशीं.

कोठें लावूं नये तेंहि ध्यानांत ठेवावें. समोरच्या कांचेवर लावूं नये. पावसांत वायपर फिरला कीं ती धूसर होते. रंग न दिलेल्या काळ्या प्लॅस्टिकवर लावूं नये. तेथें पांढरे डाग बसतात. ब्रेकच्या तबकडीवर आणि टायरच्या जमिनीला लागणाऱ्या भागावर तर चुकूनहि जाऊं देऊं नये. तेथें घसरण म्हणजे जिवाशीं गांठ. ज्या गाडीचा रंग मुद्दामच निस्तेज ठेवलेला असतो तिला चकाकीचें सीलंट चालत नाहीं. गॅरेजमध्यें नव्यानें रंगविलेल्या भागाला एक ते तीन महिने थांबावें, कारण तेथील रंगांतला द्रावक हळूहळू बाहेर पडत असतो. कारखान्यांतून आलेला रंग भट्टींत भाजून पक्का केलेला असतो. त्याला थांबण्याचें कारण नाहीं.

लेप टिकून आहे कीं नाहीं हें पाणीच सांगतें. बॉनेटवर तांब्याभर पाणी ओतावें. थेंब गोल होऊन पळाले तर तो शाबूत आहे. पाणी चादरीसारखें पसरून बसलें तर उतरला. पक्ष्याची विष्ठा मात्र लेप असला तरी त्याच दिवशीं काढावी. तींत युरिक अम्ल असतें. शिवाय उन्हानें मऊ झालेला रंग गार होतांना त्या वाळलेल्या गोळ्याभोंवतीं आंवळतो आणि तेथें कायमची खूण राहते. ओलें फडकें पांच मिनिटें तिच्यावर ठेवून, मऊ झाल्यावर उचलून घ्यावी, खरवडूं नये. वापरलेलीं फडकीं इतर कपड्यांपासून निराळीं धुवावीं.

श्रोतेहो, या सगळ्याला घरच्या माणसाची एक सुटीची सकाळ लागते. मी आणि माझा नातू मिळून दर खेपेस तें करतों. दुसऱ्या बादलीची जबाबदारी त्याची. गाडीच्या बॉनेटवर उन्हांत पाहिलें तर त्या वर्षीच्या कांहीं रेषा अजून दिसतात. त्या जावयाच्या नाहींत, आणि नातवाला मीं त्या दाखवून ठेवल्या आहेत. यंदा राख पडूं लागली म्हणजे आपणहि एवढें करावें: पाण्याचा तांब्या आधीं, फडकें मागाहून.